सरांना एक मत

त्या वर्षी गवतकापणीच्या दिवसांत आमच्या घरातले सगळे हळू बोलायला लागले. एरवी आमचं घर म्हणजे वाडीतलं सगळ्यांत मोठ्या आवाजाचं. आई म्हशींशी बोलायची तेही खालच्या आळीला ऐकू जायचं. बाबा सकाळी दुधाच्या किटल्या कावडीला लावताना जे काही गुणगुणायचे, त्याला गाणं म्हणायचं धाडस फक्त ताईच करायची. पोलादपूरच्या वर तासभर चढ चढलं की आमची वाडी लागते. पंचवीसेक घरं, प्रत्येकाच्या दारात म्हैस, उतारावर नाचणी आणि वरी, आणि खाली दरीत कुणी हाक मारली तरी वर स्पष्ट पोचते. म्हणूनच की काय, आमच्याकडे कुजबुजायची सवय कुणालाच नव्हती. ती त्या निवडणुकीनं लावली. भाकरी थापतानासुद्धा आई हात हलका ठेवायची, जणू त्या थापण्यावरून शेजाऱ्यांना कळणार होतं की या घरात काय शिजतंय.

निवडणूक विधानसभेची होती, आणि तिला वामनसर उभे होते. सर म्हणजे खोऱ्यातल्या हायस्कुलाचे निवृत्त मुख्याध्यापक. बाबा त्यांच्याकडे वीस वर्षं दूध घालत होते. पण आमचं नातं दुधापुरतं नव्हतं. पावसाळ्यात आमचा ओढा भरला की शाळेला जाणं बंद व्हायचं, म्हणून आठवीपासून दहावीपर्यंत तीन पावसाळे मी सरांच्या घरी राहिले. काकू मला स्वतःच्या ताटाशेजारी बसवून वाढायच्या. आमच्याकडे सणाला दिसणारी गव्हाची पोळी तिथे रोज असायची, वर तूप. पहिल्या आठवड्यात मला त्या पोळीची लाज वाटायची आणि रात्री आईच्या नाचणीच्या भाकरीची आठवण येऊन रडू यायचं. सरांनी ते ओळखलं असावं, कारण एक दिवस काकूंनी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं केलं आणि सर म्हणाले, "मलाच खावंसं वाटलं हो." सर असे होते. कुणावर उपकार केल्यासारखं वाटू द्यायचे नाहीत.

त्यांचा एक मोठा दोष म्हणजे त्यांना कुणाला वाईट म्हणता येत नसे. शाळेत दोन मुलं भांडत आली की ते दोघांचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "त्याचंही थोडं बरोबर असेल." हे वाक्य आम्ही मुलं त्यांच्या माघारी नक्कल करून म्हणायचो. मास्तर म्हणून ते शोभायचं, पण उमेदवार म्हणून त्याचं जरा विचित्र व्हायचं. पोलादपूरच्या सभेत त्यांनी विरोधी उमेदवाराने ओढ्यावर बांधलेल्या साकवाचं कौतुक केलं. त्यांच्याच मंडपात त्यांच्याच माणसांनी कपाळाला हात लावला. विरोधात होते दिनकरदादा. त्यांची सभा वेगळीच. माईक हातात घेऊन ते आधी नुसते उभे राहायचे, आणि मग एकच विचारायचे, "आपला की परका, एवढंच सांगा!" मधलं काही नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या सभेत माझ्याही अंगावर काटा आला होता. मी टाळीसुद्धा वाजवली, आणि मग बाबांनी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

बाबांचं गणित साधं होतं. ते म्हणायचे, मऊ माणसाला सगळीकडून थोडं थोडं पडतं, आणि थोडं थोडं करून टोपली भरते. गावकीचे म्होरके धोंडूआबा याच्या उलट सांगायचे. "गनपत, ज्याच्यासाठी मानूस भांडायला उठत नाय, त्याच्यासाठी मत द्यायला तरी उठंल काय रे?" दोघं आमच्या पडवीत बसून, ताक पीत, हसत हसत हा वाद घालायचे. दोघं बालमित्र. हसण्यावारी चाललेलं हे बोलणं कधी थांबलं आणि भीती कधी सुरू झाली, तो दिवस मला नेमका आठवतो. तो मशीनचा दिवस.

त्याआधी आमच्याकडे कागदाची मतपत्रिका होती. तेव्हाची पद्धत अशी की मतदानाच्या आधी गावकी सोमजाईच्या देवळात बसायची, घरटी एक पुरुष. मधे पाटावर नारळ. कुणाला मत द्यायचं ते ठरायचं आणि प्रत्येकजण नारळावर हात ठेवायचा. अख्खी वाडी एकाच बाजूला, असा शब्द जायचा. आणि मग वाडीतल्या शाळेत जाऊन ज्याला जे करायचं ते तो करायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नसे. मोजणीच्या वेळी बऱ्याच गावांच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळत, असं आम्ही ऐकून होतो. त्यामुळे देवीपुढचा शब्द देवीपाशी राहायचा आणि मत ज्याचं त्याच्यापाशी. आज मला वाटतं, ती फार शहाणी लबाडी होती. त्या लबाडीवर आमची वाडी कित्येक वर्षं गुण्यागोविंदाने नांदली.

त्या वर्षी तालुक्याहून दोन माणसं मशीन घेऊन शाळेत दाखवायला आली. बटण दाबून दाखवलं, लाल दिवा दाखवला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. धोंडूआबा मात्र पुढे वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "सायब, आमच्या वाडीची मतं दुसऱ्या गावात मिसळनार काय?" साहेब बिचारा अभिमानानं म्हणाला, "नाही आजोबा. प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा. तुमच्या वाडीत कुणाला किती पडली ते आता अचूक कळणार." आमच्या केंद्रावर फक्त आमचीच वाडी मतदान करायची. मी बाबांकडे पाहिलं. ते मशीनकडे बघत नव्हते, धोंडूआबांकडे बघत होते.

आमच्या भीतीला कारण होतं. वाडीच्या वरच्या टोकाला एक घर होतं, ते गावकीनं दोन वर्षं वाळीत टाकलं होतं. कशावरून ते मला आता नीटसं सांगता येणार नाही, बांधावरून सुरू झालं होतं एवढं खरं. पण वाळीत म्हणजे काय ते मी पाहिलं होतं. त्या घरची बाई आमच्या पाणोठ्यावर येत नसे, खाली ओढ्यावर उतरायची. तिच्या मुलींशी बोललं तर आम्हाला मार मिळायचा. त्यांचा म्हातारा सकाळी गेला आणि दुपार कलेपर्यंत तसाच पडून राहिला, कारण खांदा द्यायला वाडीतला एक माणूस उठला नाही. शेवटी दुसऱ्या गावचे पाहुणे चढून आले तेव्हा नेला. आम्ही सगळे दारं लोटून घरात बसलो होतो. बाबासुद्धा. त्या दिवशी मला बाबांचा राग आला होता. नंतर समजलं की तेही घाबरले होते.

आणि आमच्या घरात ताईचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा सवकड गावचा, चांगला, औद्योगिक वसाहतीत कायम नोकरीला. दिवाळीनंतरची तिथी. आमच्यात सोयरीक पक्की करताना मुलाकडचे पहिला प्रश्न हुंड्याचा नाही, गावकीचा विचारतात. घर गावकीत आहे ना? नसेल तर मांडव घालायला, पाणी भरायला, जेवण रांधायला हात येणार कुठून? मुलाच्या वडिलांनी हे विचारलं तेव्हा धोंडूआबांनीच छातीवर हात मारून सांगितलं होतं, "गनपतचं घर म्हंजे माजं घर." ताईचं लग्न त्या एका वाक्यावर उभं होतं.

मतदानाच्या आधी चारेक दिवस संध्याकाळी गावकी बसली. देवळाच्या मागेच पाणोठा. मी आणि ताई मुद्दाम त्याच वेळी हंडे घेऊन गेलो आणि भिंतीला लागून उभ्या राहिलो. आत एकेकाचं नाव घेतलं जात होतं आणि एकेकजण नारळावर हात ठेवत होता. दिनकरदादांचं ठरलं होतं, मुंबईत कामाला असलेल्या वाडीकरांच्या मंडळानेही तसाच निरोप पाठवला होता. त्यानंतर बाबांचं नाव आलं. मग बाबांचा आवाज आला, पडलेला, पण आला.

"आबा, मी सरांचा एजंट म्हनून सही दिलीय. देवीम्होरं खोटं कसं बोलू?"

धोंडूआबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेनं म्हणाले, "मग हात नको ठेवूस गनपत. तुला कोन जोर करतंय? तू तुजं काम कर, सरांच्या खुर्चीवर बस. पन मत वाडीचं हाय. आता मशीन हाय. मशीन सांगंल आमाला."

"आनि सांगितलं तर?"

"तर मंग लग्नाला मानसं बाहेरून आन."

ताईच्या हातातला हंडा दगडावर आपटला. आत ऐकू गेलं असणार. आम्ही पाणी न भरताच घरी आलो.

त्या रात्री जेवताना आईने सुकट भाजली होती. तो वास आला की एरवी मी दोन भाकऱ्या जास्त खायची. त्या दिवशी कुणी काही खाल्लं नाही. बाबांनी ताटात हात धुतले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "ज्याचं त्यानं बघा. मी काय कुनाला सांगनार नाय." आई काहीतरी बोलणार होती, पण तिने ताईकडे पाहिलं आणि भाकऱ्यांची टोपली झाकून ठेवली. घरात मतं चार होती. माझं पहिलंच.

पुढचे दिवस मी हिशेब करण्यात घालवले. गवत कापताना, शेण काढताना, एकच विचार. चार मतं पडली तर ती दारावर नाव लिहिल्यासारखी आमची. पण एकच पडलं तर? एकाचा बोभाटा होत नाही. कुणा म्हातारीचं बोट चुकलं म्हणता येतं. बाबा सरांचे एजंट, तेव्हा त्यांचं मत तर सरांना जाणारच. मग त्या एका मताला लपायला जागा हवी असेल तर बाकी तिघींनी बाजूला व्हायला हवं. म्हणजे मी सरांना मत न देणं हेच सरांच्या आणि बाबांच्या हिताचं. असं मी स्वतःला पटवलं. आज हे लिहिताना मला त्या मुलीची कीव येते आणि थोडा रागही येतो. कारण या सगळ्या हिशेबाच्या तळाशी एवढंच होतं की मला भीती वाटत होती.

मतदानाच्या दिवशी ऊन कडक होतं. शाळेच्या दाराबाहेर टेबल टाकून धोंडूआबा आणि दोघे जण बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारत होते, अगदी प्रेमाने. "ये गो नंदे. मोठी झालीस." आत खिडकीपाशी बाकावर बाबा बसले होते, पुढ्यात मतदारयादी, हातात पेन. मी आत शिरले तेव्हा त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली आणि मान वर केली नाही. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी गेले. दोन्ही नावं समोर होती, वरून दुसरं दिनकरदादांचं, चौथं सरांचं. सरांचं नाव छापलेलं पाहिल्यावर मला काकूंनी केलेलं पिठलं आठवलं. मी बोट चौथ्या बटणावर नेलंसुद्धा. तेवढ्यात माझ्या मनात आलं की आवाज झाला आणि त्या आवाजावरून बाहेर कळलं की कुठलं बटण दाबलं, तर? असं काही नसतं हे मला सांगितलेलं होतं. तरी पण. मी दुसरं बटण दाबलं. मशीन एवढा वेळ वाजलं, एवढा वेळ वाजलं, की मला वाटलं ते आता थांबणारच नाही. मी बाहेर आले. सरांना समजलं तर, असा विचार आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, ज्याची मला आजही लाज वाटते. सरांना समजलं तरी काय होणार होतं? सर काही करणारे नव्हते. ते रागावणारसुद्धा नव्हते.

हल्ली टीव्हीवर माणसं तावातावाने बोलत असतात की आमदारकीला मवाळ माणूस चालतो की कडवा. माझी मुलगी यंदा पहिल्यांदा मतदान करणार आहे, तीही विचारते. माझ्याकडे आकडे नाहीत. मला एकाच खोलीतलं, एकाच बटणाचं ठाऊक आहे. कडव्या माणसाला फसवायला धैर्य लागतं. मवाळ माणसाला फसवायला काहीच लागत नाही, कारण तो माफ करणार हे आधीच माहीत असतं. धोंडूआबा आणि बाबा ताक पिताना जे भांडायचे त्यात ही गोष्ट दोघांनीही धरली नव्हती.

मोजणी महाडला झाली. बाबा पहिल्या एसटीने गेले. आम्ही तिघी दिवसभर अंगणात नाचणी झोडत होतो. कणसांवर काठी मारायची आणि मधेच थांबून वाटेकडे बघायचं, असं चाललं होतं. ताईने दोनदा विचारलं, "आये, एक मत असंल तर चालंल ना गो?" आई म्हणाली, "चालंल, चालंल," आणि काठी जोरात हाणली. त्या वेळी मला उलगडायला हवं होतं. ताईसुद्धा एकाचाच हिशेब करत होती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा बाबा वळणावर दिसले. ते सावकाश चालत होते. धोंडूआबांच्या दारावरून येताना थांबले नाहीत. अंगणात येऊन त्यांनी पायरीवर बसकण मारली, पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले.

"सर पडले," ते म्हणाले. "थोडक्यात पडले."

आईने विचारलं, "आनि वाडीचं?"

बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. ते वाचून दाखवायची गरज नव्हती, तरी त्यांनी तो उघडला. "आपल्या केंद्रावर सरांना शून्य."

आईने डोळे मिटले आणि सोमजाईच्या दिशेने हात जोडले. ताई मटकन खाली बसली आणि रडू लागली. सुटल्याचं रडणं होतं ते. मीही सुटले होते. ताईचं लग्न होणार होतं, पाणोठा आपला राहणार होता. आणि मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं की शून्य म्हणजे काय. मी बाबांकडे पाहिलं. ते कागदाची घडी घालत होते, परत उघडत होते, परत घालत होते. मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनीही आम्हा तिघींना काही विचारलं नाही. थोड्या वेळाने धोंडूआबा स्वतः आले. देवीच्या नारळाचा प्रसाद आईच्या हातावर ठेवून म्हणाले, "मांडवाच्या मेढी मी तोडून देतंव, गनपत. काळजी करू नको." बाबा मान हलवत राहिले.

आठवड्याने सर आले. गाडी पायथ्याशी ठेवून, काठी टेकत, एकटे चढून आले. खालच्या आळीतल्या पोरांनी ओरडून सांगितलं तेव्हा आई स्वयंपाकघरात पळाली. मला दारामागे लपावंसं वाटलं. धोंडूआबांची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या म्हाताऱ्या माणसाची वाटली. सर पडवीत बसले, घाम पुसला. आईने घावन आणि गूळ पुढे ठेवला. सरांनी दोन घावन खाल्ले, आणखी एक मागून घेतलं. ताईच्या सासरची चौकशी केली. मला म्हणाले, "नंदा, कॉलेजचा परीक्षेचा फॉर्म भरलास का? निवडणुकीच्या गडबडीत राहून जायचा." मला मान वर करता येईना. निवडणुकीबद्दल ते स्वतःहून एवढंच बोलले की दिनकरदादांनी फार मेहनत घेतली, त्यांचं अभिनंदन करून आलो. बाबांनी एकदम त्यांचे पाय धरले. सर म्हणाले, "अरे, ऊठ. शून्य आलं ते बरंच झालं. तीन-चार आली असती तर मला या पोरीच्या लग्नाचा घोर लागला असता." त्यांना सगळं ठाऊक होतं. गावकीचं, नारळाचं, सगळं.

उतरताना आईने काकूंसाठी नाचणीच्या पिठाची पिशवी दिली. ती घेऊन मी मागे, पुढे सर आणि बाबा. वळणापाशी, जिथून वाडी दिसेनाशी होते, तिथे सर दम खायला थांबले. खाली खोऱ्याकडे बघत उभे राहिले. मग बाबांकडे न वळता, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले,

"पण गणपत, एक तरी येईल असं वाटलं होतं मला."

बाबा पायाने वाटेवरचा खडा सारखा करत राहिले.

"मला पन, सर," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरींतली कोन तरी दील."

सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन माझ्या हातातली पिशवी घेतली, "जड आहे, इथून मी नेतो," म्हणाले, आणि एकटेच उतरायला लागले. मी आणि बाबा तिथेच उभे राहिलो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.